फिटमधली ढाक

ज्याला नुकतंच कळलंय की आपल्याला फिट येते, त्याच्यासाठी हे लिहितोय. औषधाचं डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही. मी लाजेबद्दल लिहिणार आहे. मला फिटनं जेवढं लोळवलं नाही तेवढं लाजेनं लोळवलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची सगळी तालमीत. सांगलीकडच्या एका गावात मी वस्ताद होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी गदा आणल्यात, ढाली आणल्यात, दोघंतिघं पोलिसात लागलेत. हे सांगतोय ते मिरवायला नाही. सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही म्हणून.

तीन महिन्यांसाठी

बायको गेल्यावर मुलगा महेश म्हणाला, आबा, घरात एकटे बसून काय करता, तीन महिने इकडे या. तो नेदरलँड्समध्ये इंजिनिअर. सून स्नेहल पण कॉम्प्युटरवरच. गावाचं नाव लिहीत नाही, ती दोघं अजून तिथंच राहतात. मी गेलो आणि मागून कोरोना आला. विमानं बंद. तीन महिन्यांचा पाहुणा घरात अडकून पडला.

घर म्हणजे काड्यापेटी. वरच्या खोलीत दोघं दिवसभर मीटिंगमध्ये. मी खाली बसून टीव्हीवर सायकलींच्या शर्यती बघायचो. अंग आखडायला लागलं. मग मी बागेच्या सामानाच्या दुकानातून कुंपणाचा एक जाड खांब आणवला आणि मागच्या शेडमध्ये तासून त्याचा मुद्गल केला. रोज सकाळी कालव्याकाठच्या मैदानात उघड्या अंगानं फिरवायचो. कुत्री फिरवायला येणारे लोक आधी लांबून जायचे, नंतर मान हलवायला लागले. एक म्हातारी तर टाळ्या वाजवायची.

त्याच दिवसांत मला मधूनच वास यायला लागला. तालमीच्या मातीचा. तेल, ताक, हळद, कापूर घालून मळलेली लाल माती, तिचा. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, मग वास, आणि क्षणभर मी गावात असायचो. परत यायचो तेव्हा चहा निवलेला असायचा.

स्नेहल म्हणायची, "आबा, तुम्ही मधेच कुठे जाता हो? तीनदा हाक मारली, ओ नाही."

"ओ देण्यासारखी हाक मार, मग देतो."

मला तो वास आवडायचा. कुणाला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं आणि वास गेला असता. म्हणून सांगितलं नाही.

तो दिवस

त्या सकाळी मुद्गल खांद्यावर घेतला आणि वास आला. जोरात आला. एवढंच आठवतं.

त्यानंतरचं पहिलं जे आठवतं ते करंट.

शेतातल्या मोटारीचा शॉक मी खाल्लाय. तो झटका देतो आणि फेकतो. हा फेकत नाही, धरून ठेवतो. अंगातली एकूण एक शीर कुणीतरी आतून मुठीत धरून पिळतोय असं. दात आपोआप आवळले. ज्या अंगाला मी जन्मभर हुकूम सोडले, ते माझ्या देखत दुसऱ्याचं ऐकत होतं. मी तोंडावर पडलो, फरसबंदीवर. हात पुढं टाकायचे हे अंगाला कळत होतं, पण हात येईनात. पुढचे दोन दात तिथंच राहिले.

मग पुन्हा एकदा.

शुद्ध आली तेव्हा हात मागं बांधलेले, पाठीत दोन काटे रुतलेले, आणि त्यांना केसाएवढ्या बारीक तारा. त्या तारांचं दुसरं टोक एका पोलीसबाईच्या हातातल्या करंटच्या पिवळ्या बंदुकीत. चड्डी ओली. जरा पलीकडं एक धिप्पाड पोलीस हात पोटाशी धरून कण्हत बसला होता. भोवती लांबून लोक बघत होते. टाळ्या वाजवणारी म्हातारी पण होती. ती वाजवत नव्हती.

पोलीसबाईनं स्वतःचं जाकीट काढून माझ्या कमरेवर टाकलं. "मेनीर, मेनीर," म्हणत राहिली. मेनीर म्हणजे साहेब. जिनं गुरासारखा पाडला तीच साहेब म्हणत होती. तेव्हा मला ती दया वाटली नाही, थट्टा वाटली.

दवाखाना

पहिल्यांदा त्यांनी नाकात काडी घातली, कोरोना बघायला. मग काटे काढले. माशाच्या तोंडातला गळ काढतात तसेच. दारात एक शिपाई बसवला होता. मी काय पळून जाणार होतो, लघवीलासुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून जात होतो.

भेटायला एकालाच परवानगी, तीही तासाभराची. महेश आला. तोंडावर मास्क, वर फक्त डोळे. रडलाय की चिडलाय हे कळायला डोळे पुरत नाहीत.

"आबा, काय केलंत तुम्ही हे? त्या पोलिसाचा खांदा निखळलाय."

"कुणी निखळवला?"

"तुम्ही! उचलून आपटलंत त्याला!"

खोटं नाही लिहीत. अंगभर वेदना होती, तोंडात टाके होते, तरी माझी छाती फुगली. विचारलं, "कशी मारली? ढाक का?" ढाक म्हणजे गड्याला कमरेवर घेऊन हवेतून आपटायचा डाव.

महेश खुर्चीवरून उठला आणि तास संपायच्या आत निघून गेला.

जेवायला थंडगार पाव आणि चीजचा काप. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. पलंगाला घंटी लावलेली, कूस बदलली की वाजायची. शांती नावाची एक नर्स होती, सुरीनामची. तिचे पूर्वज कधीकाळी बोटीनं बिहारकडून तिकडं गेलेले, तिथून हे लोक हॉलंडला आले. तिची हिंदी आपल्या सिनेमातल्यासारखी नव्हे, आजीच्या तोंडातली, पण मला कळायची. जीभ तिखट.

दुसऱ्या दिवशी एकानं माझ्या डोक्याला वायरी चिकटवायला घेतल्या. मेंदूची पट्टी काढायला. मी वायरी बघितल्या आणि बिथरलो. त्याच्या हातातला डबा उडवला, ओरडलो, शिपाई आत आला. शांतीनं शिपायाला दंडाला धरून बाहेर काढलं. मग एक वायर स्वतःच्या कपाळाला चिकटवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"देखो बाबा. मरी हम? नाही मरी. अब चुपचाप बैठो, नहीं तो पाव भी नहीं मिलेगा."

दवाखान्यातली पहिली माया मला मिळाली ती अशी. शिव्या देत.

निदान

मेंदूची डॉक्टर तरुण बाई होती. पट्टी बघून म्हणाली, फिट येते. डोक्यात जुन्या माराचा एक डाग आहे, तिथून सुरू होते. त्या दिवशी मैदानात आधी मोठी फिट आली असणार. त्यानंतर माणूस उठतो, चालतो, पण डोकं जागेवर नसतं. अशा वेळी कुणी धरलं तर तो झटापट करतो. करणारा तो नसतो.

महेशनं हे मला मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "मला फिटबिट येत नाही. फक्त वास येतो."

कसला वास, डॉक्टरनं विचारलं. मी सांगितलं. ती खुर्ची पुढं ओढून ऐकत राहिली. मग महेशकडं वळून काहीतरी बोलली. महेश खाली बघत म्हणाला,

"आबा, तो वास म्हणजेच फिट. छोटी फिट. गोळ्या चालू केल्या की येणार नाही."

तो क्षण मला पोलिसाच्या करंटपेक्षा वाईट गेला. परमुलखात मला गावाची म्हणून जी एक गोष्ट भेटायची, ती आजार निघाली. तुमचंही असं काहीतरी असेल. कुणाला उजेड दिसतो, कुणाला गाणं ऐकू येतं म्हणे. ते जाणार. त्याचं वाईट वाटतं. वाटू द्या.

आमच्याकडं फिट म्हटलं की लोक नाकाला चप्पल लावतात, कांदा लावतात. मुलगी देत नाहीत. फेफऱ्या म्हणतात, आणि ते नाव मेल्यावरही सुटत नाही. वस्तादाला फेफरं येतं, हे मी मान्य करणार नव्हतो.

गावाकडून फोन

घरी सोडल्यावर दत्तूचा फोन आला. दत्तू माझा जुना जोडीदार, आम्ही एका मातीत वाढलो. महेशनं रागाच्या भरात कुणाला तरी सांगितलं होतं, ते फिरत फिरत गावात पोचलं होतं.

"वस्ताद! गोऱ्या पोलिसाला आस्मान दाखवलं म्हणं!"

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला माहीत हाय. तालमीत पोरं तुमच्या फोटोला हार घालायची म्हणत हुती, म्हटलं अजून जित्ता हाय, थांबा जरा. खरं सांगा, ढाकच मारली न्हवं?"

महेश समोर बसला होता. मी म्हणालो, "ढाकच."

"ह्या वयात! आणि पोलिसानं धरल्यावर! डोळ्यापुढं आली बघा."

मला आठवत काहीच नव्हतं. पण सांगता सांगता आठवायला लागलं. त्याचं मनगट, माझा खांदा, त्याचं वजन कमरेवर आलेलं. दुसऱ्या फोनला तर तो हवेत असताना त्याचे बूटसुद्धा मला दिसले.

फोन ठेवल्यावर महेश म्हणाला, "झालं समाधान?"

घरातली झटापट

प्रकरण असं होतं. पोलिसावर हात टाकल्याचा गुन्हा माझ्यावर लागणार होता. सरकारी वकिलानं खटला चालवायचा की नाही हे ठरवायच्या आधी माझा जबाब व्हायचा होता. आमची वकीलबाई म्हणाली, डॉक्टरांचा कागद आपल्याकडे आहे. यांनी एवढंच सांगायचं, मला फिट आली होती, मला काही आठवत नाही. प्रकरण मिटेल. पण मी शुद्धीत होतो असं म्हणाले तर खटला उभा राहील, आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवता येईल याची खात्री मी देणार नाही.

स्नेहलला तेव्हा दिवस गेले होते.

"मला आठवतं," मी म्हणालो. "त्यानं मागनं मनगट धरलं, मी ढाक मारली. पैलवान गडी आहे. वेडा नाही."

"वेडा कोण म्हणालं?" महेश ओरडला. "आजारी! आजारी म्हणा! एवढा एक शब्द तोंडातून काढायला काय होतंय तुम्हाला?"

"तू म्हण. तुझ्या वयाला शोभतो."

"आई गेली तेव्हापण हेच. काही झालं नाही, काही झालं नाही. तिला दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर केलात तुम्ही."

हे त्यानं आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी उठलो आणि शेडमध्ये जाऊन बसलो. मुद्गल नव्हता, तो पोलिसांकडे जमा होता.

थोड्या वेळानं स्नेहल चहा घेऊन आली. बादली पालथी घालून बसली.

"आबा, मी समजूत काढायला आले नाहीये. मला कंटाळा आलाय तुम्हा दोघांचा." तिनं पोटावर हात ठेवला. "एकच विचारते. हे बाळ रांगायला लागेल, आणि तुमच्या गोळ्या चुकलेल्या असतील, आणि तुमच्या हातात मुद्गल असेल. मी ते तुमच्याजवळ ठेवू का? हो की नाही, तेवढं सांगा."

मी चहा प्यायलो नाही. पण त्या दिवसापासून गोळी घ्यायला लागलो. तोवर जिभेखाली धरून संडासात थुंकत होतो.

कॅमेऱ्यातलं

तिकडं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून जबाब घ्यायची एक पद्धत आहे. लांबलचक टेबल, मधे प्लास्टिकचा पडदा, खिडक्या उघड्या, थंडी. पडद्यापलीकडं तो पोलीस, हात झोळीत. त्याच्याशेजारी ती पोलीसबाई. अलीकडं मी, वकीलबाई, महेश. दुभाषी बाई फोनवर, पुण्याकडची वाटत होती.

पोलीसबाईच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र त्यांनी लावलं. मी टेबलावर पुढं झुकलो. खरं सांगतो, मी ढाक बघायला झुकलो होतो.

आधी एक म्हातारा दिसला. उघडा, गुडघ्याला खरचटलेलं, तोंडाला फेस, मुद्गल जमिनीवरून ओढत झोपाळ्यांच्या दिशेनं चाललेला. आया पोरं उचलून पळत होत्या. मी विचारणार होतो हा कोण. मग त्याची चाल ओळखली.

पोलीस हळू बोलत होता. दोन्ही हात उघडे दाखवत होता. म्हाताऱ्याच्या हातातून मुद्गल गळून पडला. पोलिसाला वाटलं झालं. त्यानं मागून येऊन एका हातानं मनगट धरलं आणि दुसरा हात मानेवर ठेवला.

मानेवर हात. आमच्या मातीत कुस्ती तिथूनच सुरू होते.

ढाक लागली. लोण्यासारखी. उमेदीतसुद्धा मी अशी मारली नव्हती. तो एवढा धिप्पाड गडी हवेतून आला आणि खांद्यावर पडला. पण त्या म्हाताऱ्याचे डोळे बघा. मेलेल्या जनावराचे असतात तसे. आत कुणी नव्हतं.

महेशनं माझ्याकडं बघितलं. मी चित्रावरून नजर काढली नाही, कारण पुढं आणखी होतं. कुणीच मला सांगितलं नव्हतं ते.

म्हाताऱ्यानं वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग खाली पडलेल्या पोलिसावर वाकला आणि उजवा हात पुढं केला.

पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचं. माझ्या तालमीत ज्यानं हे केलं नाही, त्याची कुस्ती मी धरत नव्हतो.

पडलेल्या पोलिसानं तो हात येताना बघितला आणि तोंड झाकून घेतलं. पोलीसबाई ओरडली. टक् असा आवाज झाला. म्हातारा लाकडासारखा तोंडावर पडला. पडल्यावर पाय झाडायला लागला. ती पुन्हा ओरडली, कारण तिला वाटलं उठतोय. मग दुसरा झटका.

"परत लावा," मी म्हणालो. "हाताचं तेवढं."

त्यांनी लावलं. मी फोनवरच्या बाईला म्हणालो, "त्यांना सांगा, हा मारायला वाकला नाही. ढाक लागली की खालच्याला हात द्यायचा असतो."

"काका, ढाक म्हणजे?"

"ते जाऊ दे बाई. हात द्यायला वाकला होता, एवढं सांग."

तिनं सांगितलं. पोलीसबाईचा चेहरा पडला. तो पोलीस शांतपणे काहीतरी बोलला. फोनवरची बाई म्हणाली, "काका, ते विचारताहेत, पडलेल्याला हात द्यायचा हे तुम्हाला कळत होतं, म्हणजे पाडल्याचंही कळत होतं का?"

वकीलबाईनं टेबलाखाली माझी बाही ओढली. महेशचा श्वास मला ऐकू येत होता.

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की ढाक माझी. गावातला हार माझा. आणि तो पुढं केलेला हातही माझाच, माणुसकी विसरलो नव्हतो असं सांगता आलं असतं. नाही म्हटलं तर दोन्ही आजाराचं. ढाक आजाराची आणि हात तेवढा माझा, असं होत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला फिट येते. मला काही कळत नव्हतं. हातसुद्धा मी दिला नाही. अंगानं दिला."

फोनवरची बाई थांबली. "अंगानं म्हणजे..."

"मी आजारी आहे असं सांग. संपलं."

महेशनं मास्क वर सरकवून डोळे झाकून घेतले. प्रकरण तिथंच मिटलं, कागद नंतर आला.

उठताना सवयीनं मी पडद्याच्या कडेनं पोलिसापुढं हात केला. या वेळी मी शुद्धीत होतो, हे लिहून ठेवतो. तेवढ्यात पोलीसबाईचा हात कमरेला गेला. तिथं त्या दिवशी काही नव्हतं, साधा पट्टा होता. तिचं तिलाच कळलं आणि ती लालबुंद झाली. पोलिसानं माझ्या हाताकडं बघितलं, आणि कोरोना म्हणत कोपर पुढं केलं.

मी कोपराला हात लावला नाही. हात खिशात घातला. खिशात गोळ्यांची डबी होती.

आता

विमानं सुरू झाली तसा मी गावाला आलो. पारावर दत्तू आणि दहाजण बसलेले. मी बसायच्या आधी उभ्यानंच सांगितलं, ढाकबिक काही नाही, फिट होती. कुणीतरी हसलं. मागच्या एका पोरानं दुसऱ्याच्या नाकाशी मूठ धरली, कांद्यासारखी. मी त्याला ओळखतो. त्याच्या बापाला मी लंगोट बांधायला शिकवलाय. दत्तू महिनाभर घराकडं फिरकला नाही. मग आला.

नात झाली. फोनवर बघतो. स्नेहल रोज तिला माझ्यासमोर धरते आणि आधी विचारते, "गोळी?" मी डबी उघडून रिकामा खण दाखवतो. मग ती फोन बाळाच्या जवळ नेते.

तालमीत अजून जातो. काठावर बसतो. मातीचा वास येतो, पण तो मातीचा की माझ्या डोक्यातला हे आता मला सांगता येत नाही. म्हणून वास आला की आधी जमिनीवर बसतो. पोरांना सांगून ठेवलंय. हातातलं काढून घ्या, आजूबाजूचे दगड सरकवा, कुशीवर वळवा, आणि उठलो तरी लगेच जवळ येऊ नका. माझ्याशी लांबून, हळू बोला. आणि धरू नका. मनगट तर अजिबात धरू नका.